व्युत्पत्ती आणि प्रयोग : ‘नव्या करारा’तील ग्रीक शब्दांच्या अर्थनिश्चितीचा प्रश्न

धर्मग्रंथातील एखाद्या शब्दाचा अर्थ सांगताना त्याच्या मुळाकडे धाव घेण्याची प्रवृत्ती बहुतेक सर्व धर्मपरंपरांत आढळते. शब्द फोडावा, त्याचा धातू शोधावा, उपसर्ग वेगळा काढावा आणि या घटकांच्या बेरजेतून जे हाती येईल तोच त्या शब्दाचा ‘खरा’ अर्थ मानावा, अशी ही पद्धत आहे. तिच्यात विद्वत्तेचा भास आहे आणि श्रोत्याला थक्क करण्याचे सामर्थ्यही आहे. तथापि या मार्गाने मिळणारा अर्थ ग्रंथकर्त्याच्या मनात होता काय, आणि त्याच्या पहिल्या वाचकांना तो जाणवला असता काय, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या ‘नव्या करारा’तील ग्रीक शब्दांच्या अभ्यासाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. या अभ्यासात व्युत्पत्तीचा मोह, त्या मोहावर झालेली टीका आणि त्यातून सिद्ध झालेली प्रयोगनिष्ठ पद्धती ही तिन्ही टप्प्याटप्प्याने पाहावयास मिळतात. मराठी शब्दांचा, विशेषतः संतसाहित्यातील पारिभाषिक शब्दांचा अभ्यास करणाऱ्यासही त्यातून काही शिकता येण्यासारखे आहे.

१. ही ग्रीक कोणती?

नवा करार इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास ग्रीक भाषेत लिहिला गेला. ही ग्रीक प्लेटोची किंवा शोकांतिकाकारांची अभिजात ग्रीक नव्हे. अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांनंतर पूर्व भूमध्यसागरी प्रदेशात ग्रीक भाषा व्यवहाराची सामान्य भाषा झाली. तिला ‘कोइने’ म्हणजे ‘सर्वसामान्य’ असे नाव आहे. अभिजात ग्रीकच्या अभ्यासकांना नव्या करारातील अनेक शब्द व रचना अपरिचित वाटत. यामुळे एकोणिसाव्या शतकात काहींनी असे मत मांडले, की ही भाषा ईश्वरी प्रेरणेने घडलेली एक स्वतंत्र, पवित्र ग्रीक आहे.

हे मत टिकले नाही. इजिप्तच्या कोरड्या वाळूत जपले गेलेले पपायरसचे कागद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या संख्येने उजेडात आले. ग्रेनफेल आणि हंट यांनी ऑक्सिऱ्हिंकस येथे १८९६-९७ मध्ये उत्खननास प्रारंभ केला. तेथील उकिरड्यांतून पत्रे, पावत्या, अर्ज, करारनामे, हिशेब असा रोजच्या व्यवहाराचा ऐवज निघाला. आडोल्फ डाइसमान या जर्मन पंडिताने १८९५ व १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांतून दाखवून दिले, की ‘पवित्र’ समजले गेलेले कितीतरी शब्द या साध्या कागदपत्रांत वावरत होते.

दोन उदाहरणे पाहावीत. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना व उपास यांचे लोकांसमोर प्रदर्शन करणाऱ्यांविषयी येशू तीनदा सांगतो, की त्यांना त्यांचे फळ मिळून चुकले आहे. येथील ‘अपेखो’ हे क्रियापद त्या काळच्या पावत्यांवर नेहमी येते. त्याचा अर्थ ‘रक्कम पोचली, आता येणे नाही’ असा. मराठीत ‘भरून पावलो’ या प्रयोगात आणि ‘पावती’ या शब्दात हाच भाव आहे. हा संदर्भ कळला की वाक्यातील उपरोधाला धार येते : अशा माणसाचा हिशेब चुकता झाला, पुढे मागण्यासारखे त्याच्याजवळ काही उरले नाही. दुसरा शब्द ‘आर्राबोन’. पौलाच्या पत्रांत पवित्र आत्म्याच्या देणगीसंबंधी तो येतो. मुळात हा सेमिटिक भाषांतून ग्रीकमध्ये आलेला व्यापारी शब्द. सौदा पक्का करताना आगाऊ दिलेली रक्कम, म्हणजेच मराठीतील ‘विसार’. विसार म्हणजे केवळ वचन नव्हे. ती त्याच रकमेचा पहिला भाग असते आणि उरलेली रक्कम देण्याचे बंधनही तिच्यामुळे येते. पौलाला अभिप्रेत असलेला अर्थ शब्दाच्या या बाजारी वापरातूनच उकलतो, त्याच्या धातूतून नव्हे.

२. ग्रीक शब्द, हिब्रू अर्थ

तरीही सर्व शब्द बाजारातून आले असे समजणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रिया येथे यहुदी धर्मग्रंथांचे हिब्रूतून ग्रीकमध्ये भाषांतर होऊ लागले. ‘सेप्टुआजिंट’ या नावाने ते ओळखले जाते. नव्या कराराच्या लेखकांपुढे धर्मग्रंथ म्हणून प्रामुख्याने हेच भाषांतर होते. त्यात काही ग्रीक शब्दांना हिब्रू शब्दांचे अर्थ चिकटले.

याचे सर्वांत लक्षणीय उदाहरण म्हणजे ‘डोक्सा’. ‘वाटणे, भासणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी संबंधित असा हा शब्द आहे. अभिजात ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘मत’ आणि त्यावरून ‘लोकमत, कीर्ती’. प्लेटो तर ज्ञानाच्या तुलनेत कमी प्रतीची गोष्ट म्हणून ‘डोक्सा’ उभी करतो. सेप्टुआजिंटच्या भाषांतरकारांनी हिब्रू ‘काबोद’ या शब्दासाठी हाच शब्द वापरला. ‘काबोद’चे मूळ ‘जडपणा, वजन’ या कल्पनेत आहे आणि देवाचे तेजस्वी, दबदबा निर्माण करणारे अस्तित्व असा त्याचा अर्थ झाला आहे. परिणामी नव्या करारात ‘डोक्सा’चा ‘मत’ हा अर्थ आढळतच नाही. सर्वत्र ‘वैभव, तेज, गौरव’ हेच अर्थ दिसतात. धातूवरून अर्थ काढू पाहणारा येथे पूर्णपणे फसतो. मराठी बायबलमध्ये या शब्दासाठी रूढ झालेला ‘गौरव’ हा शब्द ‘गुरु’ म्हणजे ‘जड’ यापासून बनला आहे. हिब्रू ‘काबोद’ आणि संस्कृत ‘गौरव’ हे दोन्ही वजनाच्याच कल्पनेतून निघाले, हा योगायोग मनोहर आहे. परंतु मराठी वाचकाला ‘गौरव’ या शब्दात वजन जाणवत नाही, हेही तितकेच खरे आहे.

‘दिआथेके’ या शब्दाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. व्यवहारातील ग्रीकमध्ये त्याचा नेहमीचा अर्थ ‘मृत्युपत्र’. सेप्टुआजिंटने हा शब्द हिब्रू ‘बेरीथ’ म्हणजे ‘करार’ यासाठी योजला. दोन समान पक्षांतील कराराला ग्रीकमध्ये ‘सिंथेके’ हा शब्द उपलब्ध होता. तो टाळण्यामागे, देव आणि मनुष्य हे समान पक्ष नाहीत ही जाणीव असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात लेखक शब्दाच्या दोन्ही अर्थांचा उपयोग करून घेतो. कराराविषयी बोलता बोलता, दस्तऐवज करणाऱ्याच्या मृत्यूनंतरच तो अमलात येतो, असा युक्तिवाद तो करतो. हा युक्तिवाद ‘मृत्युपत्र’ या अर्थाखेरीज समजत नाही. लॅटिनने ‘टेस्टामेंटुम’ हा शब्द घेऊन मृत्युपत्राचा अर्थ पुढे नेला आणि युरोपीय भाषांत ग्रंथाचे नाव ‘टेस्टामेंट’ झाले. मराठीने मात्र ‘करार’ हा अरबी-फार्सीतून आलेला शब्द स्वीकारून ग्रीकच्या पाठीमागील हिब्रू अर्थ जतन केला. एकाच ग्रंथाच्या दोन नावांत एका शब्दाच्या इतिहासाचे दोन कालखंड असे शिल्लक राहिले आहेत.

३. फोडलेला शब्द आणि चालता शब्द

‘एक्लेसिआ’ हा ख्रिस्ती समुदायाचा वाचक शब्द. ‘एक्’ म्हणजे ‘बाहेर’ आणि ‘कालेओ’ म्हणजे ‘बोलावणे’, म्हणून जगातून बाहेर बोलावलेले लोक ते ‘एक्लेसिआ’, असे विवरण अनेक प्रवचनांत केले जाते. प्रत्यक्षात ग्रीक नगरांत हा शब्द नागरिकांच्या सभेसाठी शेकडो वर्षे चालत होता. सेप्टुआजिंटमध्ये तो इस्राएलाच्या मेळाव्यासाठी येतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथील नाट्यगृहात जमलेल्या गोंधळलेल्या जमावालाही ‘एक्लेसिआ’च म्हटले आहे. त्या जमावाला कोणी जगातून बाहेर बोलावले नव्हते. शब्दाचा चालू अर्थ ‘सभा, मेळावा’ एवढाच होता. तो कोणाचा मेळावा, हे वाक्य ठरवीत असे. मराठी भाषांतरकारांनी येथे ‘मंडळी’ हा घरगुती शब्द योजला, तो या दृष्टीने समर्पक आहे. घरची मंडळी, नाटक मंडळी आणि ख्रिस्ती मंडळी या सर्वांत शब्द एकच राहतो, विशेष अर्थ संदर्भातून येतो.

व्युत्पत्तीच्या आणि संकल्पनांच्या आधारे शब्दार्थ मांडणाऱ्या पद्धतीवर निर्णायक टीका जेम्स बार यांनी १९६१ मध्ये बायबलच्या भाषेच्या अर्थविचारावरील आपल्या ग्रंथात केली. गेरहार्ड किटेल यांच्या संपादकत्वाखाली १९३३ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला नव्या कराराचा बृहत् धर्मशास्त्रीय शब्दकोश हे त्यांच्या टीकेचे एक प्रमुख लक्ष्य होते. बार यांचे दोन आक्षेप येथे महत्त्वाचे आहेत. पहिला असा, की शब्दाचा इतिहास हा शब्दाचा अर्थ नव्हे. बोलणाऱ्याला इतिहास ठाऊक नसतानाही तो शब्द अचूक वापरतो. दुसरा आक्षेप असा, की एखाद्या शब्दाच्या निरनिराळ्या ठिकाणच्या अर्थांची बेरीज करून ती सगळी एका वाक्यातील शब्दावर लादणे चुकीचे आहे. ‘एक्लेसिआ’ कोठे ख्रिस्ताचे शरीर म्हणून वर्णिली आहे, कोठे वधू म्हणून. म्हणून हा शब्द जेथे जेथे येईल तेथे या सर्व कल्पना एकदम उपस्थित असतात असे मानता येत नाही.

भारतीय शब्दविचाराच्या अभ्यासकाला हा पहिला आक्षेप परिचित वाटेल. सर्व नामे धातूंपासून बनतात या मतावर ‘निरुक्ता’त गार्ग्याच्या नावाने जो आक्षेप नोंदविला आहे त्याचा आशय असा : नाम जर क्रियेवरून पडत असेल, तर ती क्रिया करणाऱ्या प्रत्येकाला तेच नाव मिळावयास हवे. मम्मटाने ‘कुशल’ हा शब्द रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून दिला. कुश गोळा करणारा हा त्याचा व्युत्पत्तिगत अर्थ बाधित होतो, म्हणून ‘निपुण’ हा अर्थ लक्षणेने येतो, असे त्याचे म्हणणे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त याचे खंडन केले. शब्द कशावरून सिद्ध झाला हे निमित्त वेगळे आणि तो कशासाठी वापरला जातो हे निमित्त वेगळे, ही त्याची भूमिका होती. तसे नसते तर ‘गो’ हा शब्द ‘जाणे’ या अर्थाच्या धातूपासून आला असल्यामुळे निजलेल्या गायीला ‘गाय’ म्हणतानाही लक्षणा मानावी लागली असती. बार यांचा आक्षेप आणि विश्वनाथाचा हा विवेक यांत सहा शतकांचे अंतर आहे, परंतु मुद्दा एकच आहे.

४. प्रेमवाचक शब्दांची उतरंड

व्युत्पत्तीइतकाच दुसरा मोह पर्यायी शब्दांत सूक्ष्म श्रेणी लावण्याचा. ‘आगापे’ म्हणजे निरपेक्ष, ईश्वरी प्रेम आणि ‘फिलिआ’ म्हणजे मानवी स्नेह, हे समीकरण सर्वत्र प्रचलित आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू पेत्राला त्याच्या प्रेमाविषयी तीनदा विचारतो. पहिल्या दोन प्रश्नांत ‘आगापाओ’ हे क्रियापद आहे, तिसऱ्यात ‘फिलेओ’, आणि पेत्राची तिन्ही उत्तरे ‘फिलेओ’ने दिलेली आहेत. पेत्राला उच्च प्रेमाची ग्वाही देता आली नाही, म्हणून शेवटी येशूनेच आपली अपेक्षा खाली आणली, अशी हृदयस्पर्शी व्याख्या यावरून केली जाते.

प्रयोगांची तपासणी केली असता ही व्याख्या डळमळते. याच शुभवर्तमानात पिता पुत्रावर प्रेम करतो हे तिसऱ्या अध्यायात ‘आगापाओ’ने आणि पाचव्या अध्यायात ‘फिलेओ’ने सांगितले आहे. येशूच्या लाडक्या शिष्याविषयीही दोन्ही क्रियापदे येतात. एकविसाव्या अध्यायातील त्याच संवादात कोकरांसाठी व मेंढरांसाठी, चारण्यासाठी व राखण्यासाठी, जाणण्यासाठी असे शब्द आलटून पालटून वापरले आहेत, आणि त्यांत कोणी श्रेणी लावीत नाही. सेप्टुआजिंटमध्ये शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात अम्नोनाला आपल्या सावत्र बहिणीविषयी वाटणारी वासना, जिची परिणती बलात्कारात झाली, ‘आगापे’ याच शब्दाने वर्णिली आहे. तेव्हा ‘आगापे’ या शब्दातच पावित्र्य दडलेले आहे असे म्हणता येत नाही. नव्या करारातील प्रेमाची कल्पना उदात्त आहे यात शंका नाही. परंतु ती उदात्तता पौलाने आणि योहानाने त्या शब्दाविषयी केलेल्या विधानांत आहे, शब्दाच्या ध्वनीत किंवा धातूत नाही. शब्द आणि संकल्पना यांची गल्लत होते ती नेमकी येथे.

५. एका शब्दाचे परिणाम

हा वाद केवळ पंडितांचा नाही, हे ‘मेतानोइआ’ या शब्दावरून दिसते. योहान बाप्तिस्मा करणारा आणि येशू यांच्या उपदेशाचा प्रारंभच या शब्दाने होतो. लॅटिन बायबलमध्ये त्याचे भाषांतर ‘पेनितेंतिआ’ करण्याविषयी होते. मध्ययुगीन चर्चमध्ये या शब्दाचा संबंध पापनिवेदन व प्रायश्चित्त या संस्काराशी जोडला गेला. पंधराव्या शतकात लोरेंझो वाल्ला याने आणि पुढे इरॅस्मसने ग्रीक पाठाच्या आधारे या भाषांतराची चिकित्सा केली. इरॅस्मसने संपादिलेला ग्रीक नवा करार १५१६ मध्ये बाझेल येथे प्रसिद्ध झाला. १५१७ मध्ये मार्टिन लूथरने मांडलेल्या पंचाण्णव प्रमेयांपैकी पहिलेच या शब्दाविषयी आहे. येशूला एखादा संस्कार नव्हे, तर आयुष्यभराचे परिवर्तन अभिप्रेत होते, असा त्याचा आशय आहे. एका शब्दाच्या अर्थाचा प्रश्न युरोपच्या धार्मिक इतिहासाला असा भिडला.

तथापि येथेही दुसरी बाजू लक्षात घ्यावयास हवी. ‘मेता’ आणि ‘नूस’ म्हणजे मन, म्हणून ‘मेतानोइआ’ म्हणजे फक्त विचार बदलणे, असे म्हणणारा पुन्हा व्युत्पत्तीच्याच आहारी जातो. लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात या परिवर्तनाची फळे विचारली असता उत्तर मिळते ते कृतीचे : दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नये. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात हे क्रियापद ‘परत फिरणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी जोडून येते. केलेल्या गोष्टीची खंत वाटणे यासाठी ग्रीकमध्ये ‘मेतामेलोमाइ’ हे वेगळे क्रियापद आहे आणि मत्तयाने ते यहूदा इस्कार्योताच्या बाबतीत वापरले आहे.

मराठीत ‘मेतानोइआ’साठी ‘पश्चात्ताप’ हा शब्द रूढ झाला. या शब्दात ‘ताप’ आहे म्हणून तो अपुरा, असे म्हणणे पुन्हा व्युत्पत्तिवादी ठरेल. तो अपुरा वाटतो याचे कारण त्याचा मराठीतील वापर. मराठीत पश्चात्ताप ‘होतो’. तो बहुधा झालेल्या गोष्टीविषयी असतो आणि पुढील आचरण बदललेच पाहिजे असा आग्रह त्या शब्दात नसतो. म्हणजे मूळ आणि भाषांतर यांतील अंतरही दोन्ही भाषांतील प्रयोग तोलूनच मोजावे लागते.

६. व्युत्पत्तीला जागा कोठे?

यावरून व्युत्पत्ती सर्वथा निरुपयोगी ठरत नाही. प्रभूच्या प्रार्थनेत भाकरीचे विशेषण म्हणून येणारा ‘एपिऊसिओस’ हा शब्द इतरत्र जवळजवळ सापडतच नाही. तिसऱ्या शतकातील ओरिजेनने, हा शब्द शुभवर्तमानकारांनीच घडविला असावा, असे नमूद केले होते. प्रयोगच नसल्याने येथे घटकांकडे वळावे लागते. तो ‘अस्तित्व’वाचक शब्दापासून साधला तर ‘जगण्यास आवश्यक’, आणि ‘येणे’ या अर्थाच्या धातूपासून साधला तर ‘येत्या दिवसाची’. जेरोमने लॅटिन भाषांतरात मत्तयाच्या ठिकाणी एक आणि लूकच्या ठिकाणी दुसरा असे दोन भिन्न शब्द योजले, यावरून अडचणीची कल्पना येते. रूढी असेल तेथे ती बलवत्तर, रूढी नसेल तेथे योगाचा आश्रय, हा भारतीय परंपरेतील नियम येथे तंतोतंत लागू पडतो. मात्र अशा अर्थनिश्चितीला अनुमानापेक्षा अधिक दर्जा देता येत नाही.

आधुनिक कोशरचनाही याच दिशेने गेली. लाउ आणि नायडा यांच्या १९८८ च्या कोशात शब्द वर्णानुक्रमाने नव्हे, तर ९३ अर्थक्षेत्रांत विभागून दिले आहेत. त्यामुळे एका अर्थासाठी लेखकापुढे कोणते पर्याय होते हे कळते. ‘अमरकोशा’तील वर्गरचना ज्याने हाताळली आहे त्याला या योजनेचे नावीन्य वाटणार नाही.

७. मराठीचा अनुभव

शब्दाचा अर्थ प्रयोगाने ठरतो हे मान्य केले, की धर्मग्रंथाच्या भाषांतरकाराची अडचण स्पष्ट होते. त्याने निवडलेला प्रत्येक शब्द आपल्यासोबत आपला वापर घेऊन येतो. १६१६ मध्ये गोव्यात मुद्रित झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरला. विष्णूच्या लोकाचे नाव ख्रिस्ती कथेत बसविताना, नव्या संदर्भात त्याला नवा अर्थ येईल, अशी त्यांची अपेक्षा असली पाहिजे. पंडिता रमाबाईंचा मार्ग वेगळा होता. हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते संपूर्ण प्रसिद्ध झाले. सामान्य, अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजेल अशा सोप्या मराठीवर त्यांचा कटाक्ष होता.

या दोन मार्गांपैकी एक बरोबर आणि दुसरा चूक, असा निवाडा करणे घाईचे होईल. ‘डोक्सा’चे उदाहरण सांगते, की ‘मत’वाचक शब्द देवाच्या तेजाचा वाचक होऊ शकतो, मात्र त्यासाठी तो शब्द त्या अर्थाने वाचणारा, प्रार्थनेत उच्चारणारा समाज पिढ्यान्‌पिढ्या असावा लागतो. भाषांतरकार नव्या अर्थाचा विसार देतो. पुरती रक्कम समाजाच्या वापरातून चुकती होते.

मराठी साहित्याच्या संशोधकाने यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. ‘भक्ती’ हा शब्द ‘भज्’ धातूपासून आला आणि त्या धातूला ‘वाटून घेणे’ असाही अर्थ आहे, एवढ्यावरून संतांच्या प्रत्येक अभंगात वाटणीची कल्पना शोधणे, किंवा ‘विठ्ठल’ या नामाच्या अनेक व्युत्पत्तींपैकी एक निवडून तिच्यावर वारकरी संप्रदायाचे तत्त्वज्ञान उभारणे, ही ‘एक्लेसिआ’ फोडण्याचीच पद्धत आहे. आधी त्या कवीचे सर्व प्रयोग गोळा करावेत, मग त्याच्या समकालीनांचे, मग त्याने ऐकलेल्या-वाचलेल्या ग्रंथांचे. त्याच काळचे दस्तऐवज व बखरी पाहाव्यात. जवळचे पर्यायी शब्द कवीने कोठे टाळले ते तपासावे. या सर्वांतून अर्थ निघाला नाही, तरच धातूकडे वळावे. शब्दाचा जन्म कोठे झाला हे जाणणे रंजक असते. परंतु त्याचा अर्थ तो ज्या वाक्यात आणि ज्या माणसांत राहिला तेथेच शोधावा लागतो.